जुन्या बग्गीचे ब्रेक ढिले पडलेत? नट आवळण्याआधी हे तपासा

गोल्फ क्लबातून निवृत्त झालेल्या बग्ग्या आपल्याकडे कुठे कुठे पोचतात! लोणावळा-मुळशीकडचे रिसॉर्ट, मोठ्या टाउनशिप, लग्नाची लॉन, हौशी लोकांची फार्महाऊस. यातल्या बऱ्याचशा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावच्या. ई-झी-गो आणि क्लब कार हे दोन्ही मोठे कारखाने तिथलेच. मूळ गाडी बनवली ती दोन माणसं आणि दोन गोल्फच्या पिशव्या हिरवळीवरून हळूहळू न्यायला. आपण तिला मागे उलटं सीट ठोकतो, वर चार-सहा पाहुणे बसवतो आणि रिसेप्शनपासून खालच्या कॉटेजपर्यंतच्या उतारावर सोडतो. मग एक दिवस ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, ब्रेक जरा खाली जातोय."

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे कोणीतरी गाडीखाली आडवं होतं, ब्रेकच्या रॉडवरचा नट दोन-चार आटे आवळतं आणि पेडल वर आलं म्हणून सगळे खूश होतात. महिनाभराने पुन्हा तेच. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या नटाला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी शोधायचं ते हे, की पायाने दिलेला जोर चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचतोय का, आणि पोचत नसेल तर वाटेत कुठे अडतोय.

आधी गाडी कुठल्या जातीची ते बघा

हा लेख केबलवर चालणाऱ्या ड्रम ब्रेकसाठी आहे. जुन्या ई-झी-गो टीएक्सटी, क्लब कार डीएस आणि तशा बहुतेक गाड्यांत हीच रचना असते. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, पुढे काहीच नाही. पेडल दाबलं की गाडीच्या मध्यातून जाणारा एक रॉड ओढला जातो. रॉडच्या टोकाला आडवी पट्टी असते, ती इक्वलायझर. तिच्या दोन बाजूंना दोन केबली. प्रत्येक केबल आपापल्या चाकाच्या बॅकप्लेटमधला (ड्रममागची न फिरणारी तबकडी) लिव्हर ओढते, लिव्हर ब्रेक शू फाकवतो आणि शूवरचा लायनर ड्रमला आतून घासतो. पार्किंग ब्रेक वेगळा नसतो. तेच पेडल खाली अडकवून ठेवायचं.

काही चिनी बनावटीच्या आणि इथे जोडलेल्या गाड्यांत हायड्रॉलिक ब्रेक असतात. मास्टर सिलिंडर आणि ब्रेक ऑइलची छोटी टाकी दिसली तर थांबा. तिथे गळती आणि हवा काढणं हा मुख्य विषय, त्याला पुढचं निम्मं लागू होत नाही. काही नव्या गाड्यांत तर मागे ड्रमच नसतो, मोटरवरच इलेक्ट्रिक ब्रेक असतो. तो घरी उघडू नका.

आणखी एक गोष्ट मोटरची. जुनी सिरीज मोटरची गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मोकळी पळते, सगळा भार ड्रमवर. नंतरच्या काही गाड्यांत उतारावर मोटर स्वतःच वेग धरून ठेवते. अशा गाडीचा "ब्रेक अचानक गेला" अशी तक्रार आली आणि पेडल मात्र नेहमीसारखंच असेल, तर ड्रम खोलण्याआधी कंट्रोलर आणि मोटरच्या स्पीड सेन्सरकडे बघायला सांगा.

टायरही बघून घ्या. मूळ १८ इंची टायर काढून रुबाबासाठी २२ इंची बसवले असतील, तर ड्रम तोच राहतो पण चाकाची त्रिज्या वाढते. त्याच पेडलच्या जोरावर जमिनीशी मिळणारी पकड सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. ब्रेक कितीही चांगले केले तरी हा तोटा भरून येत नाही, हे गाडीच्या मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पेडल काय सांगतं

सपाट, कोरड्या जागी, कोणी बसलेलं नसताना, हळू वेगात ब्रेक लावून बघा. तीन प्रकार दिसतात.

पेडल सैल आहे आणि फार खाली गेल्यावर पकड येते: लायनर झिजलेत, किंवा आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा (ॲडजस्टर) अडकलीय, किंवा केबल ताणली गेलीय.

पेडल टणक आहे, पाय दुखेपर्यंत दाबलं तरी गाडी निवांत थांबते: लायनरवर काच आलीय (पृष्ठभाग कडक, चकचकीत झालाय), त्यांना ऑइल लागलंय, किंवा केबल आतून गंजून जाम झालीय. बग्गीत हा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो, आणि नट आवळून याला शून्य फरक पडतो.

पेडल दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, किंवा पाय काढल्यावर पेडल आळसावल्यासारखं सावकाश वर येतं: एका बाजूची केबल किंवा लिव्हर जाम.

यातलं कुठलं आहे ते कागदावर लिहा. कोरड्या रस्त्यावर एक खूण करून, ठरलेल्या वेगात तिथे ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबते तेही मोजून ठेवा. काम झाल्यावर तुलनेला हेच लागतं.

हात घालण्याआधी

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओटी, म्हणजे लाकडी ओंडके किंवा दगड, लावा. मागची चाकं उचलणार म्हणजे ब्रेक असलेली चाकं हवेत, पुढे ब्रेक नाहीतच. ओटी विसरलात तर गाडी जॅकवरून सरकणार.

किल्ली काढा, गिअर न्यूट्रलला. सीटखाली रन आणि टो असा स्विच असेल तर टोवर टाका. मग बॅटरीची मुख्य निगेटिव्ह वायर सोडा. ३६ किंवा ४८ व्होल्टचा संच आहे, पान्हा दोन टर्मिनलला लागला तर ठिणगी नाही, वेल्डिंगच होतं. अंगठी, कडं काढून ठेवा आणि पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. गाडी नुकतीच चार्जिंगवरून काढली असेल तर जरा वेळ हवा खेळू द्या, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

जॅक मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, आणि गाडी उचलल्यावर ॲक्सलच्या दोन्ही नळ्यांखाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. ८ व्होल्टची एक बॅटरी २८-२९ किलोची असते, अशा सहा, म्हणजे नुसत्या बॅटऱ्यांचंच पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन तुमच्या डोक्यावर असतं.

चाक काढण्याआधी: रॉड, इक्वलायझर, केबली

इथे घाई करू नका. जुन्या बग्गीत खरी मेख बहुतेक वेळा इथेच असते.

बॅटऱ्या कुठे आहेत बघा, सीटखाली. ब्रेकची ओढणी कुठून जाते? बरोबर त्यांच्या खालून. पाणी भरताना जास्त झालं, चार्जिंगला सेल उकळले, की ॲसिड मिसळलेलं पाणी ठिबकत रॉडवर आणि इक्वलायझरवर येतं. खाली टॉर्च मारलीत तर पांढुरकी-हिरवट पूड साचलेली दिसेल, पिना फुगलेल्या, इक्वलायझर रॉडशी एकजीव झालेला. आणि त्या सगळ्या गंजात एकच नट चकचकीत, आटे ताजे उघडे पडलेले. तो कोणीतरी नुकताच आवळलेला असतो. असा नट दिसला की समजा दुखणं जुनं आहे.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ही जागा ब्रशने धुवा. बॅटरीच्या झाकणांतून सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुऊन सुकवा. आता इक्वलायझर हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. तो मोकळा झुलला पाहिजे. नाही झुलला तर एकाच केबलला ओढ जाते आणि दुसरं चाक नुसतं सोबत फिरतं.

मग केबल. दोन्ही टोकांच्या पिना काढा, केबल पूर्ण मोकळी करा आणि आतली तार हाताने मागेपुढे ओढा. नवी तार दोन बोटांनी सरकते. जुनी अडखळली, कुरकुरली, किंवा ओढल्यावर परत जायला तयारच नसली, तर ती बदला. आपल्याकडे अशा वेळी केबलमध्ये ऑइल सोडायची सवय आहे. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच ऑइलला धूळ चिकटते. शिवाय बाहेरचं प्लॅस्टिक फाटून आत पाणी गेलेलं असेल तर आतली तार तुटायच्या बेतात असते. बदलताना दोन्ही केबली एकदम बदला. एक नवी आणि एक ताणलेली अशी जोडी लावली की दोन चाकं कधी सारखी धरत नाहीत.

नवी केबल मिळत नसेल तर जुनी नमुन्याला घेऊन केबल बनवणाऱ्याकडे जा, पण लांबी, दोन्ही टोकांचे प्रकार आणि तारेची जाडी तंतोतंत तीच ठेवायला सांगा. ॲक्सलची स्प्रिंग वरखाली होताना केबल कुठे घासत नाही ना, तेही बसवताना बघा.

ड्रम काढताना

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केलेले बरे. चाक निघालं की मधोमध धुळीची टोपी, तिच्या आत ॲक्सलचा मोठा खाचांचा नट आणि त्यातून गेलेली कॉटर पिन. पिन सरळ करून काढा आणि फेकून द्या, ती पुन्हा वापरायची नाही. पार्किंग ब्रेक सोडलेला असल्याची खात्री करा, मगच ड्रम ओढा.

जुन्या गाडीचा ड्रम सहज येत नाही. दोन कारणं असतात: मधल्या दातांवर गंज, किंवा ड्रमच्या कडेला आतून चढलेली कड, जी शूला अडकते. पहिल्याला गंज सोडवणारं तेल दातांवर टाकून वेळ द्या, लायनरवर उडू देऊ नका. दुसऱ्याला बॅकप्लेटमधून ॲडजस्टर मागे घ्यावा लागतो. मग तीन पायांचा पुलर लावून सावकाश ताण द्या. ड्रमच्या कडेवर हातोडा मारू नका, बिड आहे, टवका उडतो. ॲक्सलच्या टोकावरही मारू नका, आटे चपटतात आणि नट चढेनासा होतो.

ड्रम निघाला की आतली काळी भुकटी फुंकू नका आणि कंप्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्या, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

एका वेळी एकच बाजू उघडा. फोटो काढा हे खरंच, पण कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे बघायला समोरची न उघडलेली बाजू फोटोपेक्षा उपयोगी पडते. ती बाजू आरशातल्यासारखी उलटी असते एवढं लक्षात ठेवा.

आत काय बघायचं

लायनरची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा. १.६ मिलिमीटरच्या आसपास आली म्हणजे शू संपला. रिव्हेटचे लायनर असतील तर रिव्हेटच्या डोक्यापासून मोजायचं, कारण डोकं ड्रमला लागलं की आधी चरे पडतात आणि मग ड्रमही जातो.

जाडी भरपूर आहे पण पृष्ठभाग काळा, चकचकीत, नख न रुतणारा? ती काच. ८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडाला गुंडाळून हलका फिरवा, चमक जाईपर्यंतच.

ऑइल लागलेलं असेल तर शू वाचवायच्या भानगडीत पडू नका. पेट्रोलने धुणं, वर पेटवून देणं, तव्यावर भाजणं असे प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतात. लायनर आतपर्यंत ऑइल प्यायलेला असतो, ब्रेक तापला की ते पुन्हा वर येतं. नवा शू टाका, पण त्याआधी ऑइल आलं कुठून ते शोधा. बहुतेकदा ॲक्सलच्या नळीच्या टोकाचं सील गेलेलं असतं, कधी कधी कोणीतरी डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या गिअरांत) गरजेपेक्षा जास्त ऑइल भरलेलं असतं. सील न बदलता नवे शू टाकणं म्हणजे पैसे गटारात.

आता ड्रम. आतून बोट फिरवा, कडेला पायरी लागते का? खोल चरे आहेत का? निळे डाग म्हणजे तो भाजलाय. हलका गंज पॉलिश पेपरने जातो. चरे असतील तर लेथवर कातून मिळतो, पण बऱ्याच ड्रमवर बाहेरून जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, कातल्यावर त्याच्या आत राहिलं पाहिजे. पातळ ड्रम तापल्यावर फाकतो, आणि मग पेडल उतारावरच खाली जातं.

शू मिळत नसतील तर लायनर चढवून घ्या

जुन्या गाड्यांचे शू ऑनलाइन मिळतात, पण वाट बघावी लागते, आणि कधी वेगळ्याच वर्षाचे येतात. यावर आपल्याकडे चांगली सोय आहे. मोठ्या गावात ट्रक-टेम्पोच्या गॅरेजांच्या आसपास ब्रेक लायनर बसवणारे असतात. ते जुना लायनर काढून त्याच लोखंडी शूवर नवा चढवून देतात, चिकटवून किंवा रिव्हेट मारून. शू वाकलेला नसेल आणि त्याची टोकं झिजलेली नसतील तर हे काम उत्तम होतं.

त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, गाडी हलकी आणि वेग कमी, तेव्हा ट्रकचा कडक लायनर नको. कडक लायनर तापल्याशिवाय धरत नाही, आणि बग्गीचा ब्रेक क्वचितच तेवढा तापतो. दुसरं, ड्रम सोबत नेऊन त्याच्या गोलाईला लायनर घासून घ्या. नुसता शू दिलात तर लायनर मधोमध किंवा फक्त टोकांना टेकतो, आणि नवा माल असूनही ब्रेक जुन्यापेक्षा वाईट लागतो.

टेकतो कसा ते घरी बघायला खडू पुरतो. ड्रमच्या आत पांढऱ्या खडूने आडव्या रेघा मारा, शू हाताने आत दाबून थोडा मागेपुढे फिरवा आणि बाहेर काढून बघा. खडू लायनरच्या बहुतेक भागावर उमटला तर काम झालं. मधे एकच पट्टा पांढरा झाला असेल तर तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा खडू, पुन्हा बघायचं. कंटाळवाणं आहे, पण नव्या शूच्या ब्रेकची पहिल्या दिवसाची पकड यावरच ठरते. लायनरच्या दोन्ही टोकांच्या धारा जरा तिरप्या घासल्या की किंचाळणंही कमी होतं.

बॅकप्लेट, लिव्हर आणि ॲडजस्टर

शू काढल्यावर बॅकप्लेटवर शूच्या कडा जिथे टेकतात ते उंचवटे दिसतात. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिथे खाच पडते, शू त्या खाचेत अडकतो आणि पेडलचा जोर तिथेच संपतो. कानसीने खाच सपाट करा. मग उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं, पुसल्यासारखं लावा. जास्त लावलंत तर ते लायनरवर जाणार.

लिव्हर बॅकप्लेटमध्ये हाताने फिरला पाहिजे. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तो हमखास जाम सापडतो. खोला, घासा, ग्रीस लावा.

आपोआप ॲडजस्ट होणाऱ्या ब्रेकमध्ये दातेरी चाक आणि त्याला ढकलणारी पट्टी असते. लायनर झिजला की पेडलचा प्रवास वाढतो, पट्टी एक दात पुढे ढकलते. हे घडायला शू आधी पूर्ण मागे, विश्रांतीच्या जागी यावा लागतो आणि मग पुरेसा पुढे जावा लागतो. बाहेरचा नट आवळून केबल कायमची ताणलेली ठेवलीत की शू मागे येतच नाही, पट्टीला पुढचा दात सापडत नाही आणि ॲडजस्टर कायमचा थांबतो. वर ब्रेक सतत घासत राहतो तो वेगळा. नट शेवटी का, त्याचं कारण हे.

दातेरी चाकाचे आटे साफ करून मोकळे फिरतात ना बघा. डाव्या-उजव्या बाजूचे भाग मिसळू नका, आट्यांची दिशा उलटी असू शकते. स्प्रिंगा ताणून सैल झालेल्या, रंग उडून निळ्या पडलेल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या बदला.

जोडणी आणि जुळवणी

आतलं सगळं बसल्यावर ॲडजस्टर एवढा बाहेर आणा, की ड्रम हलका घासत चढेल. लायनरला हात लागले असतील तर ब्रेक क्लीनरने पुसा. ॲक्सलच्या दातांवर ग्रीसचा हलका हात. नट किती आवळायचा हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क पान्ह्यानेच आवळा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचं, मागे सोडून कधीच नाही. नवी पिन, टोकं वळवलेली.

दोन्ही बाजू झाल्या की केबली अजून सैल असताना एकदा बघा, चाकं मोकळी फिरतात ना. मग केबली जोडा आणि पेडल सावकाश, पूर्ण, पुन्हा पुन्हा दाबा. ॲडजस्टरचा बारीक टक्-टक् आवाज येतो. तो थांबेपर्यंत दाबत राहा.

आता तो नट. केबलीतला फक्त मोकळा झोल काढायचा, लिव्हर जागचा हलायच्या आत थांबायचं. पेडलला वर थोडी मोकळी चाल राहिलीच पाहिजे, नेमकी किती ते मॅन्युअलमध्ये बघा. दोन्ही चाकं सारखी धरतात का हे बघायला एकाने पेडल इंचाइंचाने दाबावं आणि दुसऱ्याने दोन्ही चाकं आळीपाळीने हाताने फिरवावीत. मधे डिफरन्शियल असल्यामुळे एक चाक पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतं, त्याने गोंधळू नका. एक बाजू लवकर जड होत असेल तर परत आत जा, तिथे काहीतरी राहिलंय. केबल कमी-जास्त करून हे झाकू नका.

रस्त्यावर

चाकाचे नट तिरप्या क्रमाने आवळा, बॅटरी जोडा. सपाट जागी मध्यम वेगातून बेताचा ब्रेक लावत थांबा, जरा चालवून थंड होऊ द्या, पुन्हा लावा. असं दहा-पंधरा वेळा केलं की लायनर ड्रमवर बसतो. मग कागदावरचं जुनं अंतर काढा आणि मोजा. कोरड्या फरसबंद रस्त्यावर, मोकळ्या गाडीचं पेडल पूर्ण दाबल्यावर मागची दोन्ही चाकं लॉक व्हायला हवीत. एकच लॉक होत असेल तर पाहुणे बसवू नका. शेवटी उतार: आधी रिकामी गाडी, हळू वेगात, खाली मोकळी जागा असलेल्या ठिकाणी. थोड्या दिवसांनी पेडल आणि चाकाचे नट पुन्हा एकदा बघा.

पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर पार्किंग ब्रेक लावून ठेवू नका. ओल्या हवेत, विशेषतः कोकणात, लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतो आणि सप्टेंबरात गाडी हलवताना तो शूवरून उखडून येतो. सपाट जागी चाकांना ओटी लावून पेडल मोकळं ठेवा आणि किल्ली काढून घ्या. रोजच्या वापरातही किल्ली गाडीत सोडू नका. यातल्या बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबला की पार्किंग ब्रेकची अडक आपोआप सुटते, आणि समोरच्या सीटवर खेळणाऱ्या पोराचा पाय तिथे सहज पोचतो.